घोळीचा रस, ओमेगा-3 आणि मुतखडा: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपण विचारलेले थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपले वय 46 आहे, एलडीएल कोलेस्टेरॉल किंचित वाढलेले आहे आणि माशाच्या तेलाची एक कॅप्सूल आपण रोज घेता. घोळीत ‘माशाइतके ओमेगा-3’ असते असे वाचल्यापासून गेले तीन आठवडे आपण सकाळी उपाशीपोटी घोळीच्या कच्च्या पानांचा मोठा पेलाभर रस गाळून घेत आहात, आणि आता कॅप्सूल बंद करावी का, असा आपला प्रश्न आहे. चार वर्षांपूर्वी एकदा मुतखड्याचा त्रास होऊन गेला, हे आपण शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिले आहे. माझी नजर मात्र प्रथम त्याच ओळीवर गेली.

म्हणून निर्णय आधी सांगतो आणि कारणे नंतर. रस आजच थांबवावा. रसाच्या भरवशावर कॅप्सूल बंद करू नये. घोळीची भाजी खाणे मात्र सोडण्याचे कारण मला दिसत नाही. यातले हे शेवटचे मत सरसकट नाही. ते आपला खडा कशाचा होता, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) किती आहे आणि आपण आणखी कोणती औषधे घेता यांवर ठरते, आणि यांपैकी काहीच आपल्या प्रश्नात आलेले नाही. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि ऑक्झलेट हा घोळीसारख्या पालेभाज्यांतून येणारा क्षार आहे. त्यामुळे पडलेल्या खड्याचे पृथक्करण झालेले नसेल, तर मी तो त्याच जातीचा होता असे धरून सल्ला देतो. अंदाज चुकलाच, तर तो सावधगिरीच्या बाजूने चुकलेला बरा.

आधी वनस्पतीची ओळख नक्की करू, कारण या भाजीच्या बाबतीत नावापासूनच घोळ आहे. आपण जिच्याविषयी बोलत आहोत ती मोठी घोळ, शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरेसिया; 1753 मध्ये लिनियसने दिलेल्या या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘भाजीपाल्याची’ असा आहे. बारीक पानांची चिवळ किंवा चिगळ ही तिची धाकटी बहीण, पण वेगळी जात. बागेत रंगीबेरंगी फुलांसाठी लावतात ते ऑफिस टाइमचे रोपही याच कुळातले. पुढचे सगळे आकडे मोठ्या घोळीच्या ताज्या पाल्याचे आहेत. ते चिवळीला जसेच्या तसे लावू नयेत.

घोळीची पाने मांसल असतात, कारण ती पाणी साठवतात. 100 ग्रॅम पाल्यात सुमारे 93 ग्रॅम पाणीच असते आणि उष्मांक अवघे 20 असतात. उरलेल्या सात ग्रॅमांत मात्र बरेच काही आहे: पोटॅशियम सुमारे 490 मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या केळ्यापेक्षा जास्त, मॅग्नेशियम 68 मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा, लोह सुमारे 2 मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व 20 ते 25 मिलिग्रॅम. देठांचा लालसर रंग बीटात असतो त्याच बीटालेन गटातील रंगद्रव्यांचा असतो, आणि तोंडाला जाणवणारा बुळबुळीतपणा हा पाण्यात विरघळणाऱ्या, तंतूंसारखेच काम करणाऱ्या शर्करांचा असतो.

या पानांच्या आंबटपणाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण तो पुष्कळांची दिशाभूल करतो. घोळ एरवी मक्यासारख्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते, पण पाण्याचा ताण पडला की निवडुंगासारखी वागू लागते: रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात सकाळपर्यंत साठवून ठेवते. या दोन्ही पद्धती तिच्या पानात एकाच पेशीत एकमेकींत गुंफलेल्या असतात, हे येल विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये दाखवले. परिणाम असा की कोरड्या दिवसांत पहाटे तोडलेली पाने आंबट लागतात आणि तीच दुपारनंतर तोडली तर मिळमिळीत लागतात. हा आंबटपणा मुख्यतः सफरचंदातल्याच आम्लाचा आहे आणि मूत्रपिंडाला त्याची भीती नाही. पण त्यामुळेच ‘पाने आंबट लागली नाहीत, म्हणजे ऑक्झलेट कमी असणार’ हा आडाखा चुकतो. ऑक्झलेट जिभेवरून ओळखता येत नाही.

आता ओमेगा-3. घोळीची कीर्ती 1986 पासूनची आहे. त्या वर्षी आहारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर आर्टेमिस सिमोपोलोस यांनी एका सहकाऱ्यासह एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून या पाल्यातील ओमेगा-3 कडे लक्ष वेधले, आणि 1992 मधील त्यांच्या लेखात 100 ग्रॅम ताज्या पानांत 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असल्याचे दिले आहे. पालेभाजीसाठी हा आकडा खरोखर मोठा आहे. पालकाच्या कितीतरी पट आहे. घोटाळा होतो तो ‘ओमेगा-3’ या एका नावामुळे. माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची आम्ले असतात, तर पानांत असते ते आखूड साखळीचे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. त्यापासून शरीर ईपीए बनवते, पण फार कंजूषपणे: ढोबळमानाने शंभरातले पाच-आठ भाग, आणि डीएचए तर जेमतेम एखादा भाग.

हिशेब आपल्या पेल्याला लावून पाहू. रसाला 150 ग्रॅम पाने लागतात असे धरले, तर त्यांत सुमारे 500 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल आले. त्याचे पाच टक्के म्हणजे 25 मिलिग्रॅम ईपीए. माशाच्या तेलाच्या साध्या एक ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधारणपणे 180 मिलिग्रॅम ईपीए आणि 120 मिलिग्रॅम डीएचए असते. पानांतून तेवढे ईपीए मिळवायचे, तर रोज एक किलोहून अधिक घोळ खावी लागेल, आणि तरीही डीएचएची बाजू लंगडीच राहील. अल्फा-लिनोलेनिक आम्लाची स्वतःची म्हणून रोजची गरज आहेच, पुरुषांना 1.6 ग्रॅम आणि स्त्रियांना 1.1 ग्रॅम, पण ती एक मोठा चमचा जवसाच्या पुडीतून, म्हणजे अवघ्या सात ग्रॅमांतून भागते. तेवढ्यासाठी घोळ सुमारे 450 ग्रॅम लागेल. म्हणून ‘माशाला पर्याय’ हे विशेषण मी घोळीला कधीच लावत नाही. आपली कॅप्सूल डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) वाढल्यामुळे लिहून दिलेली असेल, तर ती सुरू ठेवायची की नाही हा त्यांच्याशी बोलून ठरवण्याचा विषय आहे. दुकानातून स्वतःहून आणलेली रोजची एक कॅप्सूल असेल, तर तेवढ्याने एलडीएल खाली येत नाही हेही सांगून ठेवतो. ती बंद करायची असल्यास त्या कारणाने करावी. घोळ मिळाली म्हणून नव्हे.

माझ्या मते घोळीचे खरे बलस्थान वेगळेच आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. त्याच 1992 च्या लेखात 100 ग्रॅम पानांत 12 मिलिग्रॅमच्या आसपास ई जीवनसत्त्व दिले आहे. प्रौढांची रोजची गरज 15 मिलिग्रॅम धरतात आणि पालकात ते 2 मिलिग्रॅमच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. ई जीवनसत्त्व एरवी तेले, सुकामेवा आणि बिया यांतून येते, म्हणजे उष्मांकांचे ओझे घेऊनच येते. वजनावर ताबा ठेवू पाहणाऱ्या माणसाला ते 20 उष्मांकांच्या पाल्यातून मिळणे ही दुर्मीळ सोय आहे. याच लेखात 1.9 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सुमारे 15 मिलिग्रॅम ग्लुटाथायोनही नोंदले आहे. ग्लुटाथायोनच्या नावाने सध्या बराच गाजावाजा चालतो. खाल्लेले ग्लुटाथायोन बरेचसे आतड्यातच तुटते, तेव्हा त्यासाठी घोळ खाण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. घोळ ही ऑक्झलेटने भरलेल्या भाज्यांपैकी एक आहे. नेमके किती, याच्या मोजमापांत फार तफावत आढळते, कारण जात, माती, पाणी आणि पानांचे वय यांनुसार ते बदलते: 100 ग्रॅम ताज्या पानांमागे शे-दोनशे मिलिग्रॅमपासून हजाराच्या पुढेही आकडे मिळालेले आहेत. खडा होऊन गेलेल्या माणसाला आम्ही दिवसभराच्या सगळ्या आहारातून 100 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतो. म्हणजे अगदी कमीत कमी आकडा धरला तरी आपला एक पेला न्याहारीच्या आधीच दिवसभराचा वाटा ओलांडतो. अतिप्रमाणात घोळ खाल्ल्याने मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचून त्याला तीव्र इजा झाल्याच्या रुग्णनोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असे क्वचित घडते, पण त्यामागे प्रमाणाचा अतिरेक असतो, आणि तो रसातून सर्वांत सहज घडतो.

तो किती सहज घडतो हे मी एकदा वजनकाट्यावर पाहिले. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ ‘रोज मूठभर पानांचा’ रस घेत होते. मी त्यांना पाला आणि मिक्सरचे भांडे घेऊन यायला सांगितले आणि ते नेहमी जसा रस करतात तसा माझ्यासमोर करायला लावला. त्यांची पहिली मूठ भरली 40 ग्रॅम. तेवढ्याने भांड्याचा तळही झाकला गेला नाही, म्हणून आणखी एक मूठ, मग आणखी एक. पेला भरेपर्यंत काटा 180 वर गेला होता. गाळणीत हिरवा, चिकट चोथा उरला आणि तो त्यांनी सवयीने टाकून दिला. मला त्या चोथ्याचे अधिक वाईट वाटले. अल्फा-लिनोलेनिक आम्ल पानाच्या हरितद्रव्याच्या पापुद्र्यांत असते आणि ई जीवनसत्त्वही स्निग्धात विरघळणारे. या दोहोंचा काही भाग गाळणीतच अडकतो. विद्राव्य ऑक्झलेट मात्र पाण्याबरोबर नेमके पेल्यात उतरते. ज्यासाठी रस करायचा ते टाकायचे आणि जे नको ते प्यायचे, असा तो उलटा व्यवहार होता.

उपाशीपोटी घेण्याने आणखी एक गोष्ट बिघडते. जेवणातील कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरते, त्यांचे न विरघळणारे मीठ बनते आणि ते मलावाटे निघून जाते. पोटात दुसरे काहीच नसेल, तर ऑक्झलेट मोकळे राहते, रक्तात शिरते आणि लघवीतून बाहेर पडते. खडा तिथेच बनतो. म्हणूनच खड्याच्या भीतीने दूध-दही बंद करणाऱ्यांचे लघवीतील ऑक्झलेट उलट वाढते. हीच रासायनिक गाठ दुसऱ्या बाजूनेही पाहावी: घोळीत 100 ग्रॅममागे 65 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे खरे, पण ऑक्झलेटने बांधलेले कॅल्शियम शरीराला फारसे लाभत नाही. पालकातील कॅल्शियम सुमारे 5 टक्के शोषले जाते, तर दुधातील 27 टक्क्यांच्या घरात, असे मोजमाप झालेले आहे. घोळीचीही गत पालकाहून फार वेगळी असण्याचे कारण नाही.

मग घोळ खावी कशी? भरपूर पाण्यात चार-पाच मिनिटे उकळावी, ते पाणी टाकून द्यावे, पाला हलका पिळावा, मग थोड्या तेलात परतावा आणि त्याच जेवणात दही घ्यावे किंवा दही भाजीतच मिसळावे. यातली प्रत्येक पायरी सकारण आहे. ऑक्झलेटचा मोठा भाग पाण्यात विरघळणारा असतो आणि उकळल्याने त्यातला बराच निघून जातो, सगळा नव्हे. उरलेल्याला दह्यातले कॅल्शियम बांधते. घोळीची पाने दह्यात मिसळून केलेल्या मोजमापांत विद्राव्य ऑक्झलेटचे प्रमाण ठळकपणे खाली आलेले आहे. ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे ती पाल्यातच राहतात, आणि ती शोषली जाण्यासाठी थोडे तेल लागतेच. गमावतो ते क जीवनसत्त्व, जवळजवळ निम्मे, आणि थोडे पोटॅशियम. क जीवनसत्त्व इतर फळांतून सहज मिळते, म्हणून हा सौदा मला पटतो. देठांत पानांपेक्षा ऑक्झलेट बरेच कमी असते, तेव्हा कोवळे देठ निवडून टाकू नयेत, उलट त्यांचे प्रमाण वाढवावे.

आतापर्यंतचे एकत्र सांगायचे तर: घोळ माशाच्या तेलाची जागा घेत नाही, ई जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांसाठी ती उत्तम आहे, आणि तिचा धोका कच्च्या, गाळलेल्या, उपाशीपोटीच्या रसात एकवटलेला आहे. आपल्यासारख्या, एकदा खडा होऊन गेलेल्या पण मूत्रपिंडे ठीक असलेल्या व्यक्तीला मी अशी उकळलेली भाजी आठवड्यातून एकदा, शिजलेली अर्धी वाटी, इतपत चालेल असे सांगतो. खडे वारंवार होत असतील तर तीही टाळायला सांगतो. ज्यांना खड्याचा इतिहास नाही, त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा खाल्ली तरी माझी हरकत नसते.

साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर घोळीचा परिणाम होतो का, हेही आपण विचारले आहे. माणसांवर प्रयोग झालेले आहेत, पण त्यांतले बरेचसे पानांवर नव्हे, बियांवर झालेले आहेत. मधुमेह असलेल्यांना रोज 10 ग्रॅम घोळीचे बी पाच ते आठ आठवडे दिल्यावर ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचे त्यांत आढळले. सहभागी मोजके, कालावधी लहान आणि परिणाम माफक, असे त्यांचे स्वरूप आहे. बियांचे निष्कर्ष पानांच्या रसाला लावणे म्हणजे तिळाचे गुण तिळाच्या पानात शोधण्यासारखे आहे. पेशींवर आणि उंदरांवर तर घोळीच्या अर्काचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत, ओलेरेसिन नावाची अल्कलॉइडे तीतून वेगळी काढली गेली आहेत. पण त्यावरून ताटातल्या भाजीविषयी काही ठरवायला मी धजत नाही. आपले एलडीएल कमी करायचे तर संपृक्त स्निग्ध कमी करणे आणि ओट, डाळी, इसबगोल यांतले विद्राव्य तंतू वाढवणे याचा पुरावा कितीतरी भक्कम आहे, आणि त्यात खड्याची जोखीमही नाही.

आणखी काही व्यक्तींनी जपून राहावे. मूत्रपिंडांचे काम मंदावले असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर घोळीतले पोटॅशियमच अडचणीचे ठरू शकते. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी कोणतीही हिरवी पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नये, कारण तीतल्या के जीवनसत्त्वाने औषधाची मात्रा बिघडते. गर्भवतींनी बी आणि अर्क टाळावेत. आपण क जीवनसत्त्वाच्या 500 किंवा 1000 मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत असाल, तर त्याही कळवा. त्यांचा काही अंश शरीरात ऑक्झलेटमध्येच बदलतो आणि खड्याच्या रुग्णांत ही गोष्ट नेहमी विचारायची राहून जाते.

पाला स्वतः खुडून आणत असाल, तर देठ मोडून पाहावा. घोळीच्या देठातून स्वच्छ पाणी निघते. पांढरा चीक आला तर ती रानटी दुधीच्या (दुधी भोपळ्याच्या नव्हे) जातीची, जमिनीला तशीच चिकटून पसरणारी विषारी वनस्पती आहे, ती टाकून द्यावी. घोळीचे फूल पिवळे असते. तिच्यासारखीच दिसणारी, गुलाबीसर फुले धरणारी आणखी एक वनस्पती आहे, तिचीही गल्लत होते. रस्त्याकडेची किंवा सांडपाण्यावरची घोळ घेऊ नये, कारण ही वनस्पती मातीतले कॅडमियमसारखे जड धातू ओढून घेते.

आता आपण काय करावे? जुन्या खड्याचा पृथक्करण अहवाल असल्यास शोधावा. क्रिएटिनिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना 24 तासांच्या लघवीच्या तपासणीविषयी विचारावे. तीत ऑक्झलेट साधारण 40 ते 45 मिलिग्रॅमच्या आत असायला हवे. रस थांबवल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच ही तपासणी करावी, पण त्या दिवशी मुद्दाम पथ्य पाळू नये. एरवी जसे जेवता तसेच जेवून नमुना गोळा करावा, नाहीतर अहवाल आपल्या नेहमीच्या आहाराचा राहत नाही. तोवर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. कुशीत कळ येऊन ताप आला किंवा लघवी लाल दिसली, तर मात्र अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.